टुंगटुंगच्या खालचं बोलणं

हॉटेल चालवणाऱ्या बाईला किस्से शोधायला लागत नाहीत. भाकरी फुगेपर्यंत गिऱ्हाईक काहीतरी बोलतं, कालवण उकळेपर्यंत आपण काहीतरी बोलतो, आणि वर्षाकाठी एवढे साठतात की पोतं भरावं. पानशेतला आमच्याकडं येणारी पुण्याची मंडळी ताटावर बसली की म्हणतात, "वहिनी, सांगा की एखादा." पूर्वी मी बिबट्याचा सांगायचे. धरणाच्या पाण्यात चप्पल सोडून परत आलेल्या साहेबांचा सांगायचे. हल्ली माझ्याकडं एकाच विषयाचे किस्से उरलेत आणि ते सांगताना माझा आवाज चढतो. आधीच सांगून ठेवते. ज्याला त्रास होत असेल त्यानं बाहेरच्या टेबलावर बसावं.

विषय आहे टुंगटुंग. टीव्हीवर स्वयंपाकाच्या कार्यक्रमात मागं वाजतं ना, ते. पातेल्यात पळी फिरली की टुंगटुंग, कोथिंबीर पडली की टुंगटुंग. हे म्यूझिक शोधत मी कापूरहोळ केलं, आमच्या ह्यांना भोरला पळवलं, मुंबईला फोन लावले. आवडलं म्हणून नव्हे हो! मला ते पुसून टाकायचं होतं.

*

आमचं हॉटेल म्हणजे मी आणि माझी थोरली जाऊ, आक्का. धरणातल्या माशाचं कालवण आणि तांदळाची भाकरी, बाकी काही मागू नका. कालवण आक्का ढवळतात, भाकरी मी थापते, आणि कालवणात जे काळं तिखट पडतं ते माझं. माझं म्हणजे माझंच. मिरच्या मी निवडते, खोबरं मी भाजते, खडा मसाला कुठवर परतायचा ते माझ्या नाकाला कळतं. लोक बोटं चाटतात ती त्या तिखटापायी. आक्कांनी हे कधी कबूल केलेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

तर कुणीतरी आमचं नाव कळवलं आणि एका चॅनेलची गाडी दारात येऊन उभी राहिली. आल्या आल्या त्यांनी आमचा मिक्सर पोत्याखाली लपवला. गॅसची टाकी गोठ्यात नेऊन ठेवली. स्टीलचं पातेलं उचलून मातीचं मडकं मांडलं, त्याच्या बुडाला दुकानाचं स्टिकर तसंच होतं. मग त्यांचा डायरेक्टर आला. त्यानं आम्हां दोघींना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला की फ्रेममध्ये एकच बाई बसेल. आक्का नऊवारीत होत्या, मी सहावारीत.

"ह्या जास्त गावरान वाटतात," तो म्हणाला. "तुम्ही मागं उभ्या राहा."

मी भोरची. बारावी पास. गावरान कोंबडी असते, गावरान अंडं असतं. बाई गावरान कशी असते हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

मला वाटलं, आक्का काहीतरी म्हणतील. तिखट हिचं आहे, हिला बसवा, एवढं म्हणायला काय जात होतं? त्या मुकाट पुढं जाऊन बसल्या. मला नेऊन उभं केलं अंगणाच्या पार टोकाला, जनरेटरशेजारी. तिथं जनरेटरच्या भडभडाटात स्वतःचा श्वास ऐकू येईना. मी रागानं त्या शूटिंगकडं पाठ केली आणि संपेपर्यंत वळले नाही.

*

कार्यक्रम लागला त्या दिवशी अख्खी आळी आमच्या घरात. मांडीला मांडी लावून माणसं बसलेली. आमचा वाटा चार-पाच मिनिटांचा. कार्यक्रम करणारी पांढऱ्या कुडत्यातली मॅडम वाकून मडक्यात बघते आणि विचारते, "मावशी, एवढी चव कशानं येते?"

आणि आक्का हात वर करतात. बोट करतात. कुठं? तर थेट अंगणाच्या टोकाला, जनरेटरकडं. म्हणजे माझ्याकडं! बोट तसंच धरून बोलायला लागतात, चांगलं दहा-पंधरा सेकंद बोलतात. मॅडम खोखो हसते. आणि ऐकू काय येतं? टुंगटुंग, टुंगटुंग, टुंगटुंग. एक अक्षर कळत नाही. सगळ्या आळीनं ते बोट बघितलं, ते हसणं बघितलं, आणि मग सगळ्या आळीनं वळून माझ्याकडं बघितलं.

मला दम धरवला नाही. तिथंच, सगळ्यांदेखत विचारलं, "आक्का, माझी काय चहाडी केलीत त्या बाईपाशी?"

आक्कांचा चेहरा असा काही झाला की तो मला आजपण आठवतो. त्या उठल्या, पदर झटकला आणि म्हणाल्या, "तुला काय करायचंय?" आणि कोंबड्या डालायला निघून गेल्या. तिथून आमचा अबोला सुरू झाला.

*

शहरातल्या लोकांना अबोला म्हणजे भांडण वाटतं. भांडण अर्ध्या तासात मिटतं. अबोला पाळावा लागतो, उपासासारखा. त्यात एक चूल, एक हॉटेल आणि दोन जावा. मीठ संपलं तर सांगायचं कुणाला? पूर्वीच्या बायका भिंतीला सांगायच्या. आम्ही गिऱ्हाइकाला सांगायला लागलो.

एकदा पुण्याचे एक काका आले होते, एकटेच, भले गृहस्थ. ताटावर बसले नाहीत तोवर आक्का त्यांना म्हणाल्या, "पाव्हणं, त्या बाईला सांगा, भाकरी जाड झालीया." काकांनी वळून मला सांगितलं. मी म्हणलं, काका, त्यांना सांगा, जाड वाटत असेल तर स्वतः थापा. काकांनी तेही पोचवलं. घास तोंडात, मान इकडून तिकडं. थोड्या वेळानं बिचाऱ्याला वाटलं असावं की आपण काहीतरी पुण्य करावं. आक्का म्हणाल्या, तोंड बघा कसं केलंय तिनं, आणि काकांनी मला सांगितलं, "त्या विचारतायत, दमलात का?"

मी काय बहिरी होते? तीन हातांवर उभी होते. आणि आक्काही बहिऱ्या नव्हत्या. आम्ही दोघी एकदम त्यांच्यावर ओरडलो, "तुमी मधी बोलू नका!"

अबोला सुरू झाल्यापासून आम्ही दोघी एकत्र बोललो ते तेवढंच.

*

पावसाळा असाच गेला. भाताची कापणी चालू होती आणि आक्का खळ्यावरच कलंडल्या. अर्धांगाचा झटका. वेल्ह्याला नेलं, तिथून पुण्याला. मी गाडीत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन अखंड बोलत होते. माझा अबोला मी नसरापूरच्या आधीच सोडला होता. त्यांना काही सोडता आला नाही. पाय सुधारला, हात थोडा हलायला लागला, वाचा मात्र गेली. एकच शब्द शिल्लक राहिला: "न्हाई."

चहा पाहिजे का? न्हाई. आणि कप घ्यायला हात पुढं. पाऊस थांबला का? न्हाई. आणि बाहेर कडक ऊन. डॉक्टरांनी समजावलं की त्यांना सगळं कळतं, मनात बरोबर असतं, तोंडातून मात्र तेवढंच येतं.

घरी आणल्यावर एक दिवस दुपारी मी त्यांच्यापाशी बसले आणि विचारलं.

"आक्का, त्या दिवशी माझं वाईट सांगत होता का?"

"न्हाई."

माझा जीव भांड्यात पडला. मग म्हणलं खात्री करावी.

"चांगलं सांगत होता?"

"न्हाई."

"मग माझ्याबद्दल बोललाच नव्हता?"

"न्हाई!" आणि चांगल्या हातानं गादीवर असा बुक्का मारला की उशाचा तांब्या पडला. राग मला यायचा, तर आला त्यांना. डोळ्यांत पाणी, तोंड वाकडं, आणि परत तेच, न्हाई, न्हाई, न्हाई. मी उठून परड्यात गेले आणि मोठ्यानं रडले. चिडून रडले, खोटं कशाला बोलू? पंधरा सेकंदांचं बोलणं. माझ्याबद्दलचं. आता ते जगात एकाच ठिकाणी राहिलं होतं, त्या टुंगटुंगच्या खाली.

*

कापूरहोळला हायवेला लागून संपतचं दुकान आहे. लग्नाच्या वरातींना डीजे लावतो. आपण इकडं बटण दाबलं की सारोळ्याच्या पुलावरचे ट्रकवाले ताल धरतात, असं तो स्वतःच सांगतो. आवाज वाढवणाऱ्याला आवाज कमी करताही येत असेल, या हिशेबानं मी मोबाईलवर तो कार्यक्रम घेऊन त्याच्याकडं गेले.

संपत म्हणाला, सोपं आहे वहिनी, आता ॲप आलंय, बोलणं एकीकडं काढतं आणि म्यूझिक एकीकडं. दहा मिनिटांत त्यानं करून दिलं. मी कान देऊन बसले. मॅडमचं हसणं आलं, घासलेल्या भांड्यासारखं स्वच्छ. आणि आक्का? आक्कांचा आवाज हळू, घोगरा. ॲपला वाटलं हे म्यूझिकच आहे, त्यानं टुंगटुंगबरोबर तोही उचलून नेला.

माझं टाळकं फिरलं. म्हणलं, संपत, तुझ्या ॲपलासुद्धा आमच्या आक्का बोलणाऱ्या वाटल्या नाहीत काय रे? हसणारीचं हसणं तेवढं राखलं?

संपत वरमला. मग त्यानं दुसरा उपाय सांगितला. म्हणाला, ते मूळ म्यूझिक आणा, नुसतं, वर कुणी न बोललेलं. मी ते कॉम्प्युटरमध्ये उलटं करतो आणि कार्यक्रमातल्या म्यूझिकवर बरोब्बर बसवतो. सुलट आणि उलट एकमेकांना खातात. खाली जे दुसरं काही असेल तेवढं मागं राहतं.

"जावाजावांसारखं," तो म्हणाला. "दोघी एकमेकींना खातात आणि घर ऐकत बसतं."

मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं दोन्ही हात जोडले. पण एक गोष्ट त्यानं तीनदा बजावली: अगदी तेच पाहिजे. तसलं दुसरं चालायचं नाही.

*

मग लागले चॅनेलच्या मागं. पहिल्या फोनला बाई म्हणाली, रेसिपीसाठी एक दाबा. दुसऱ्या फोनला म्हणाली, दोन दाबा. असे पाच-सहा दिवस दाबल्यावर एक जिवंत माणूस मिळाला. मी त्याला सगळं सांगितलं, आक्कांचा आजार, बोट, हसणं. म्हणलं, शूटिंगची मूळ टेप तरी द्या. तो म्हणाला, ते आम्ही ठेवत नाही, पुसून टाकतो. म्हणलं, मग म्यूझिक कुणी वाजवलं तेवढं सांगा. तो म्हणाला, कुणी वाजवलेलं नाही, स्टॉकमधलं आहे, सगळेच वापरतात.

आता हॉटेलवाल्या बाईला स्टॉक म्हणलं की काय समजणार? मी म्हणलं, स्टॉकमधलं आहे तर शिल्लक असेल की. एक काढून द्या.

पलीकडं दोघं-तिघं हसल्याचं मला ऐकू आलं. त्या वेळी मात्र मागं टुंगटुंग नव्हतं. मी त्यांना भोरच्या बाजारात शोभेल अशा भाषेत काय सांगायचं ते सांगितलं, आणि त्यांनी फोन ठेवला.

*

तोवर ही गोष्ट पंचक्रोशीत झाली होती. जो तो टुंगटुंग ऐकून यायचा. कुणाला बँकेच्या फोनवर ऐकू आलं, कुणाला कुकरच्या जाहिरातीत. आमचे हे भोरला गेले होते, तिथून त्यांचा फोन, सापडलं! एका दवाखान्यात बसायच्या खोलीत लावलेलं होतं म्हणे. ह्यांनी स्वतः आजारी असल्यासारखं करून नंबर लावला आणि मोबाईल भिंतीवरच्या स्पीकरला टेकवून चांगला अर्धा तास उभे राहिले. नंबर आला तरी आत जाईनात. कंपाउंडरनं हाताला धरून बाहेर काढलं.

घरी येऊन ऐकलं तर म्यूझिक कमी आणि खोकला जास्त! वर ते टुंगटुंग नव्हतंच, टिंगटिंग होतं. मी बोलले तर हे मलाच म्हणाले, "एवढा आटापिटा करून आक्कांनी शिवीच दिलेली निघाली तर?"

मी म्हणलं, तर ती माझी शिवी आहे. मला पाहिजे.

*

आणि ते सापडलं कुठं, तर माझ्याच टेबलावर.

एक प्लॉटवाला आमच्याकडं जेवायला येतो. धरणाकाठी वीकेंड होम, समोर पाणी, मागं डोंगर, असली त्याची दुकानदारी. दर खेपेला मासे खातो आणि दर खेपेला विचारतो की तुमच्या खळ्यामागचा तुकडा कधी देताय. मी त्याला दुसऱ्यांदा रस्सा वाढत नाही. त्या दिवशी तो दोन गिऱ्हाइकांना मोबाईलवर जाहिरात दाखवत होता. वरून उडत काढलेलं धरण, झाडं, आणि कुणी बोलत नाही, नुसती अक्षरं येतात. आणि मागं पहिल्यापासून शेवटपर्यंत, स्वच्छ, एकटं, टुंगटुंग!

मी पिठाच्या हातानं मोबाईल ओढून घेतला. त्याचा चेहरा खुलला. "ताई, इंटरेस्ट आहे?"

मी म्हणलं, प्लॉट तुझा तुला लखलाभ, मला हे मागचं वाजतंय ते पाहिजे. त्यानं व्हिडिओ बनवणाऱ्याला फोन लावला, फाईल आहे म्हणून कळलं, आणि मग हा गडी रंगात आला. म्हणाला, देतो की, पण तुमच्या दारावर माझा बोर्ड लावू द्या. ज्या माणसाला मी रस्सा वाढत नव्हते त्याचा बोर्ड माझ्या दारावर! संतापानं माझे कान तापले. आणि मी हो म्हणलं. तुम्ही आत येताना वाचलाच असेल. वाचून कुणी मला टोचून बोललंत तर ताट उचलून नेईन.

फाईलवर म्यूझिकचं नाव होतं, "हॅपी व्हिलेज मॉर्निंग". म्हणजे आनंदी खेड्यातली सकाळ. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं एकदा सकाळी आमच्याकडं येऊन दाखवावं. सकाळी खेड्यात बायका एकमेकींवर ओरडत असतात.

*

संपतनं गुरुवारी बोलावलं. मी आक्कांना बरोबर घेतलं. ह्यांनी टेम्पो काढला, पुढच्या सीटवर उशी लावून त्यांना बसवलं आणि वेल्ह्यावरून सावकाश कापूरहोळला नेलं. संपतनं दुकानातली केबलची भेंडोळी बाजूला सारून खुर्ची मांडली. चहा आला. आक्कांनी न्हाई म्हणत घेतला.

संपतनं कार्यक्रम लावला. बोट वर गेलं, टुंगटुंग सुरू झालं. मग म्हणाला, आता बसवतो. पहिल्या खेपेला दोन टुंगटुंग झाली. दुसऱ्या खेपेला ते नुसतं मधमाशीसारखं गुणगुणलं. तिसऱ्या खेपेला तो स्क्रीनला नाक लावून बसला, केसाएवढं काहीतरी सरकवलं, आणि म्यूझिक विरघळलं. लांबवर जनरेटरची घरघर राहिली. मडक्यातलं कालवण खदखदताना ऐकू आलं. एक कावळा ओरडला. आणि आक्का बोलल्या.

"मला काय इचारता? ती बघा तिकडं, पाठ करून उभी हाय ती. माझी जाऊ हाय. तिखट तिचं हाय, म्या नुसती ढवळतीया."

मॅडम हसली.

"हसू नका, बाई. तिला हितं बसवा. दोघी मावत नसल तर मला उठवा, पर तिला बसवा. शोभा नाव हाय तिचं. त्ये नाव सांगा टीव्हीत, मगच म्या फुडं बोलीन."

मला आक्कांकडं बघायचं धाडस होईना. बघितलं तेव्हा त्या कप हातात धरून स्पीकरकडं बघत होत्या, बाजारात ओळखीचं कुणी दिसल्यावर बघतात तसं. संपत फाईल बंद करायला गेला. मी त्याचा हात धरला, कारण अजून काहीतरी होतं. लांबून, जनरेटरच्या घरघरीवरून एका पुरुषाचा आवाज आला. मी तो लगेच ओळखला, मला मागं उभं करणाऱ्या त्या डायरेक्टरचा.

"बोलू दे तिला. इथं म्यूझिक टाकू."